लुटीची पावती

मागच्या रमजानमध्ये आमच्या खानदानाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो मेसेज पुन्हा आला. हिटलरचा फोटो आणि खाली त्याच्या नावावर खपवलेलं वाक्य: काही ज्यूंना मी मुद्दाम जिवंत सोडलं, म्हणजे बाकीच्यांना का मारलं हे जगाला कळेल, अशा अर्थाचं. तुमच्यापैकी बहुतेकांनी तो पाहिला असेल. गाझातून वाईट बातमी आली की तो उगवतोच. या वेळी पाठवणारा होता माझ्या खालाचा मुलगा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पाच वक्त नमाजी आहे, मोहल्ल्यात कुणाला रक्त लागलं तर पहिला पोचणारा तोच. मी एवढंच लिहिलं की, हिटलर हे वाक्य बोलल्याचा किंवा त्याने ते लिहिल्याचा कुठलाही पुरावा नाही. त्याचं उत्तर आलं, "नसेल बोलला, भाईजान. पण त्या लोकांना नंतर काय कमी मिळालं? अजून भरपाई घेतायत."

ग्रुपवर वाद घालायचा नाही हा माझा नियम आहे, म्हणून गप्प बसलो. पण "भरपाई" हा शब्द डोक्यातून जाईना, कारण माझी रोजीरोटीच त्यावर आहे. विम्याचे दावे हाताळणारं सॉफ्टवेअर मी लिहितो. माणूस अर्ज करतो, कागद जोडतो आणि सिस्टिम त्याला सांगते: प्रलंबित, त्रुटी, नामंजूर. कुणाचं नुकसान झालं हे ठरवणं आणि ते सिद्ध करायला लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला या नोकरीत कळलं. म्हणून भावाच्या प्रश्नाचं उत्तर मी एका कुटुंबाच्या फाइलमधून शोधायचं ठरवलं. कुटुंब व्हिएन्नाचं, नाव ब्लॉख-बावर. त्यांच्यावर २०१५ साली ‘वुमन इन गोल्ड’ हा सिनेमाही आला. सिनेमा ठीक आहे, पण त्यातला खरा खलनायक, म्हणजे कागद, थोडा कमी दिसतो.

फर्डिनांड ब्लॉख-बावर साखर कारखानदार होते, गडगंज श्रीमंत. त्यांच्या पत्नी आडेल यांची दोन चित्रं गुस्ताव क्लिम्टने काढली, एक १९०७ साली आणि दुसरं १९१२ साली. पहिल्यात सोन्याचा वर्ख वापरलाय. आज जगातल्या सर्वांत ओळखीच्या चित्रांपैकी ते एक आहे. १९२५ साली आडेल वारल्या. त्यांनी मृत्युपत्रात नवऱ्याला विनंती केली होती की, तुमच्या पश्चात ही चित्रं ऑस्ट्रियाच्या सरकारी कलादालनाला द्या. हा "विनंती" शब्द लक्षात ठेवा, ऐंशी वर्षांनी सगळा खटला त्यावर येऊन थांबला.

मूल नसलेल्या या जोडप्याची पुतणी मारिया. तिचा जन्म १९१६ चा. डिसेंबर १९३७ मध्ये गायक असलेल्या फ्रित्झ आल्टमनशी तिचं लग्न झालं. काकांनी आडेलचा हिऱ्यांचा हार आणि कानातले लग्नात भेट दिले. तीन महिन्यांनी, मार्च १९३८ मध्ये, हिटलरच्या फौजा व्हिएन्नात आल्या आणि शहराने फुलं उधळून त्यांचं स्वागत केलं. गेस्टापो घरी आली आणि दागिने घेऊन गेली. तो हार पुढे गोअरिंगच्या बायकोच्या गळ्यात गेला असं सांगतात. मारियाचे वडील गुस्ताव हौशी चेलोवादक होते. त्यांच्याकडचा स्ट्राडिव्हारियस चेलो, जो खरं तर रोथशिल्ड घराण्याच्या मालकीचा होता आणि त्यांना वाजवायला दिला होता, तोही उचलून नेला. त्याच उन्हाळ्यात ते वारले.

मग फ्रित्झला पकडून दाखाऊच्या छळछावणीत टाकलं. गुन्हा काहीच नव्हता. त्याचा थोरला भाऊ बर्नहार्ड लोकरी कपड्यांचा कारखानदार होता आणि तो पॅरिसला निसटला होता. कारखाना नावावर करून दे, भाऊ सोडतो, असा सौदा होता. बर्नहार्डने सही केली आणि फ्रित्झ सुटून आला.

इथे मी जरा थांबलो. पिस्तूल दाखवून कारखाना घेता आला असता. अडवणारं कोण होतं? तरी त्यांना सही हवी होती. नंतर कुणी विचारलं तर दाखवायला, व्यवहार रीतसर झाला.

ऑक्टोबर १९३८ मध्ये मारिया आणि फ्रित्झ पळाले. घरावर पहारा होता, तेव्हा दातांच्या डॉक्टरकडे जायचं निमित्त काढून ते बाहेर पडले. विमानाने कोलोनला गेले आणि रात्री काटेरी तारांखालून हॉलंडच्या हद्दीत शिरले. तिथून इंग्लंड, मग अमेरिका. फ्रित्झने विमान कारखान्यात नोकरी धरली. बर्नहार्डने पाठवलेल्या एका काश्मिरी लोकरीच्या स्वेटरपासून मारियाने कपड्यांचा छोटा धंदा सुरू केला आणि लॉस एंजेलिसमध्ये आयुष्यभर तो चालवला. ऑस्ट्रियात तेव्हा सुमारे दोन लाख ज्यू होते. साधारण पासष्ट हजार मारले गेले. त्या हिशेबात आल्टमन जोडपं नशीबवानच म्हणायला हवं.

पण नशीबवानांचंही जाणं कसं होतं ते बघा. एप्रिल १९३८ मध्ये फर्मान निघालं की ज्याची मालमत्ता ५,००० राइशमार्कपेक्षा जास्त आहे अशा प्रत्येक ज्यूने ती छापील फॉर्मवर लिहून द्यायची, मुदत ३० जूनपर्यंत. घर, शेअर, विमा पॉलिसी, चांदीचे चमचे, गालिचे, सगळं. देश सोडायचा तर "पळून जाण्याचा कर", मालमत्तेच्या पंचवीस टक्के. गंमत म्हणजे हा कर नाझींनी आणलेलाच नव्हता. पैसा देशाबाहेर जाऊ नये म्हणून १९३१ मध्ये आधीच्या सरकारने तो लावला होता. नाझींनी फक्त त्याचा रोख बदलला. नोव्हेंबर १९३८ मध्ये ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं जाळली, आणि त्याबद्दल वर ज्यूंनाच एक अब्ज मार्कांचा दंड ठोठावला.

व्हिएन्नात ऑगस्ट १९३८ मध्ये आइकमनने जप्त केलेल्या रोथशिल्ड वाड्यात एक कार्यालय उघडलं. पूर्वी पासपोर्ट, कर, पोलीस दाखला यांसाठी दहा दारं फिरावी लागायची. आता सगळ्या खात्यांचे कारकून एका छताखाली बसवले. आपल्याकडे ज्याला एक खिडकी योजना म्हणतात, तीच. एका बाजूने मालमत्ता असलेला माणूस आत जायचा, दुसऱ्या बाजूने हातात फक्त पासपोर्ट घेऊन बाहेर पडायचा, ठरलेल्या मुदतीत देश सोडण्याच्या अटीवर. माझ्या धंद्यात अशी कार्यक्षमता दाखवणाऱ्याला बढती मिळते, आणि आइकमनलाही मिळाली.

काका फर्डिनांड तोवर आधी चेकोस्लोव्हाकियातल्या आपल्या गढीवर आणि मग झुरिकला पोचले होते. त्यांच्यावर करचुकवेगिरीचा आरोप ठेवून भली मोठी रक्कम काढली आणि ती वसूल करायला सगळं जप्त केलं. व्हिएन्नातला वाडा रेल्वेच्या कार्यालयाला गेला. प्रागजवळच्या गढीत पुढे हाइड्रिख राहायला आला. चिनी मातीच्या भांड्यांचा संग्रह लिलावात गेला. चित्रांची विल्हेवाट एका नाझी वकिलाने लावली, ज्याचं आडनाव खरोखरच फ्यूरर होतं. १९४१ मध्ये त्याने सोनेरी आडेल सरकारी कलादालनाला पाठवली आणि सोबतच्या पत्राच्या शेवटी "हाइल हिटलर" लिहून सही केली. फर्डिनांड नोव्हेंबर १९४५ मध्ये झुरिकमध्ये एका परक्या खोलीत गेले. आपलं सगळं त्यांनी मारिया आणि तिच्या भावाबहिणीच्या नावे केलं होतं. आणि त्या "सगळ्या"पैकी हातात तेव्हा जवळपास काहीच नव्हतं.

माझ्या भावाची समजूत अशी आहे की, युद्ध संपलं, नाझी हरले आणि ज्यूंना सगळं परत मिळालं, शिवाय वर व्याज. मीही तसंच समजत होतो. खरी गोष्ट उलटी आहे. दुसरी लूट तिथून सुरू झाली आणि ती लोकशाही सरकारने केली.

ऑस्ट्रियाने १९४६ मध्ये कायदा करून नाझी काळातले असे व्यवहार रद्द ठरवले. कागदावर न्याय झाला. पण कलाकृती देशाबाहेर न्यायची तर निर्यात परवाना हवा, हा जुना कायदा होताच. मालक आता न्यूयॉर्कला किंवा लॉस एंजेलिसला. मग कार्यालयात शांतपणे सांगितलं जायचं: यातली चांगली चित्रं आमच्या संग्रहालयाला "देणगी" द्या, बाकीची घेऊन जा. १९४८ मध्ये ब्लॉख-बावर कुटुंबाच्या वकिलाने हेच केलं. आडेलच्या मृत्युपत्राप्रमाणे क्लिम्टची चित्रं सरकारचीच आहेत असं लिहून दिलं आणि बदल्यात इतर काही वस्तू सोडवल्या. मारियाला त्यानंतर कित्येक वर्षं वाटत राहिलं की काकूने चित्रं खरंच देशाला दिली होती.

एक कबुली द्यायला हवी. काही वर्षांपूर्वी मी आमच्या सिस्टिममध्ये एक नियम लिहिला होता: मागितलेला कागद तीस दिवसांत आला नाही तर दावा आपोआप बंद. चाचणीत तो व्यवस्थित चालला. बंद झालेल्या दाव्यांची यादी मी नंतर एकदा सहज उघडली, तर त्यात बऱ्याच विधवा होत्या. नवऱ्याचा कागद कुठल्या ट्रंकेत असतो हे त्यांना माहीत नव्हतं. कुणीही त्यांना नकार दिला नव्हता, फक्त मुदत संपली होती. म्हणून व्हिएन्नातल्या त्या परवाना कारकुनाबद्दल वाचताना मला तो राक्षस वाटला नाही. ओळखीचा वाटला, आणि ते जास्त वाईट होतं.

पन्नास वर्षं असंच चाललं. ऑस्ट्रिया स्वतःला हिटलरचा पहिला बळी म्हणवत राहिला. बळी म्हटलं की जबाबदारी येत नाही. १९९८ मध्ये न्यूयॉर्कला प्रदर्शनासाठी आलेलं एगोन शीलेचं एक चित्र लुटीचं असल्याच्या आरोपावरून अडवलं गेलं, व्हिएन्नात गडबड उडाली आणि सरकारला नवा कायदा करावा लागला. परवान्याच्या बदल्यात घेतलेल्या त्या "देणग्या"ही परत देता येतील असं त्यात होतं. हुबर्टुस चेर्निन नावाचा पत्रकार दप्तरखान्यात जाऊन बसला आणि त्याने जुन्या फाइली बाहेर काढल्या. १९४१ चं ते पत्र आणि मृत्युपत्राचा मूळ मजकूर, सगळं जागेवर होतं. कुणी नष्ट केलं नव्हतं. नाझींनी स्वतःची लूट इतक्या टापटिपीने नोंदवून ठेवली होती की, ज्यू मालकांनी धमकीखाली भरलेले ते मालमत्तेचे फॉर्म पुढे त्यांच्याच वारसांचे पुरावे झाले. लुटारूने पावती फाडली होती, आणि ती त्याच्याच कपाटात सापडली.

मारिया तेव्हा ब्याऐंशी वर्षांची होती. तिचा वकील रँडी शोनबर्ग म्हणजे व्हिएन्नाहून परागंदा झालेले संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांचा नातू. १९९९ मध्ये सरकारी समितीने काही रेखाटनं आणि भांडी परत द्यायला होकार दिला, पण चित्रांना नाही. ऑस्ट्रियात खटला भरायचा तर न्यायालयाची फी दाव्याच्या किमतीवर ठरते. ती निघाली सुमारे सोळा लाख डॉलर. अर्ज केल्यावर कमी झाली, तरी लाखांच्या घरातच राहिली. म्हणजे चोरलेली वस्तू जितकी मोलाची, तितकी ती परत मागायची किंमत जास्त. तिने अमेरिकेत खटला भरला. ऑस्ट्रियाचं म्हणणं, परक्या देशाच्या न्यायालयात आम्हाला खेचता येत नाही. तो एक मुद्दा सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि जून २००४ मध्ये सहा विरुद्ध तीन असा मारियाच्या बाजूने लागला. लक्षात घ्या, हा फक्त खटला चालवायची परवानगी मिळाल्याचा निकाल होता! मूळ प्रश्न मग तीन ऑस्ट्रियन लवादांपुढे ठेवला गेला. वय बघता आणखी दहा वर्षं थांबणं तिला परवडणारं नव्हतं.

जानेवारी २००६ मध्ये त्या तिघांनी सांगितलं: चित्रांचे पैसे फर्डिनांडने दिले होते, म्हणून मालक तो. आडेलने केली ती विनंती, तिचं बंधन नाही. पाच चित्रं वारसांना परत द्या. सहावं एक चित्र मात्र मिळालं नाही. घरातून पळाल्यापासून सदुसष्ट वर्षांनी मारियाने दावा जिंकला, तेव्हा ती एकोणनव्वद वर्षांची होती. तिने आणि बाकी वारसांनी चित्रं विकली. सोनेरी आडेल न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयाने घेतली, किंमत साडेतेरा कोटी डॉलर असल्याचं छापून आलं. लगेच कुजबुज सुरू झाली: बघा, शेवटी पैशासाठीच होतं ना सगळं!

मला या वाक्याचा मनस्वी राग येतो. तुमच्या वडिलांची जमीन कुणी हडपली आणि ती तुम्ही कोर्टातून सोडवली, तर पुढे तुम्ही ती विका, पिकवा नाही तर पडीक ठेवा, विचारणारा मी कोण? आपल्या वस्तूचं काय करायचं हे ठरवता येणं, हीच तर मालकी. एका समाजाची वसुली "हक्क" आणि दुसऱ्याची "हाव", असं मोजणाऱ्यांना आपणही चांगले ओळखतो. आपण काही मागितलं की त्याचं नाव लांगूलचालन होतं.

आणि "काय कमी मिळालं" याचं खरं उत्तर साडेतेरा कोटी नाहीच. एवढी चित्रं किती घरांत असणार? ऑस्ट्रियाने १९९५ मध्ये निधी काढला, त्यातून हयात असलेल्या पीडितांना माणशी सत्तर हजार शिलिंग मिळाले, युरोच्या हिशेबात पाच हजारांच्या थोडे वर. घर, बालपण, शाळा, आईबाप, सगळ्याचे मिळून. २००१ मध्ये मालमत्तेच्या दाव्यांसाठी एकवीस कोटी डॉलरचा दुसरा निधी झाला. मान्य झालेले दावे इतके निघाले की बहुतेकांच्या हातात मान्य रकमेच्या दहा ते वीस टक्के पडले. पश्चिम जर्मनीच्या कायद्यात छावणीतल्या कैदेचा दर ठरलेला होता, पूर्ण महिन्याला १५० मार्क. दिवसाला पाच. आणि तब्येत बिघडली म्हणून भरपाई हवी असेल, तर ती छावणीमुळेच बिघडली हे डॉक्टरांपुढे सिद्ध करायचं.

एक गोष्ट मात्र आपल्याला पटकन कळेल अशी आहे. १९३८ मध्ये फर्डिनांड आणि त्यांच्या भागीदारांनी साखर कंपनीचे शेअर एका स्विस बँकेत विश्वासाने ठेवले. आपल्या शब्दांत, अमानत. बँकेने ते मालकांना डावलून नाझींच्या माणसाला जाऊ दिले. २००५ मध्ये स्विस बँकांच्या दाव्यांसाठी नेमलेल्या लवादाने त्यासाठी वारसांना दोन कोटी अठरा लाख डॉलर मंजूर केले. अमानतीत खयानत म्हणजे काय, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं. ठेवणाऱ्याचा धर्म विचारून तो नियम बदलतो असं कुणी शिकवलं नव्हतं.

आता भावाने न विचारलेला, पण त्याच्या मनात असलेला प्रश्न. मग फिलिस्तिनींचं काय? १९५२ मध्ये पश्चिम जर्मनीने इस्रायलला तीन अब्ज मार्क द्यायचं कबूल केलं. त्या करारावरून इस्रायलच्या संसदेबाहेर दगडफेक झाली होती, कारण रक्ताची किंमत घ्यायची नाही असं म्हणणारे तिथेही खूप होते. आणि त्याच देशाने दोन वर्षं आधी, १९५० मध्ये, "गैरहजर" मालकांच्या मालमत्तेचा कायदा केला होता. ज्या फिलिस्तिनींना घरं सोडावी लागली, त्यांची घरं आणि शेतं त्या एका शब्दाखाली सरकारी ताब्यात गेली. त्यांनी परत यावं, आणि न येणाऱ्यांना भरपाई मिळावी, असा संयुक्त राष्ट्रांचा ठराव डिसेंबर १९४८ पासून पडून आहे. हैफाच्या घराची किल्ली जपून ठेवलेली म्हातारी आणि लॉस एंजेलिसमधली मारिया एकच गोष्ट सांगतायत: घर माझं होतं, आणि तुमच्या कागदाने ते तुमचं होत नाही. ज्याला पहिलीचा हक्क मान्य आहे त्याने हिटलरचा फोटो फॉरवर्ड करू नये, कारण तो फोटो तिच्या बाजूचा नाही. तो घर बळकावणाऱ्याच्या बाजूचा आहे. हेच उलट बाजूनेही लागू आहे. व्हिएन्नासाठी न्याय मागून हैफाबद्दल गप्प बसणाऱ्यांशीही माझं भांडण आहे, पण ते या ग्रुपवर नाहीत.

आपल्याला हिटलर इतका सहज थट्टेचा विषय का होतो? मला वाटतं, आपल्यासाठी ज्यू हे फक्त बातम्यांतलं नाव उरलंय. कोकणातले बेने इस्रायली शेजारी बरेचसे निघून गेले. भायखळ्याला मागेन डेव्हिड सिनेगॉगच्या आवारात ज्यू दात्यांनी उभ्या केलेल्या शाळा आहेत, तिथे आज बहुतेक मुलं मुसलमानांची शिकतात. माझ्या भावाला हे मी सांगितलं तेव्हा त्याचा विश्वास बसला नाही. त्याचा एक मित्र त्याच आवारात शिकलेला निघाला.

ईदला तो घरी आला तेव्हा हे सगळं मी त्याला तुकड्यातुकड्यांत सांगितलं. फॉर्मची गोष्ट आल्यावर तो थांबला. "म्हणजे त्यांनी स्वतःच लिहून दिलं, घरात काय काय आहे ते?"

म्हटलं, हो. वेळेत, आणि नीट अक्षरात.

तो बराच वेळ शीरखुर्म्याची वाटी हातात धरून बसला. मग म्हणाला, "अब्बांच्या घराची फाइल कुठे असते, तुला माहितीये का, भाईजान? मला नाही माहीत." मी अम्मींना हाक मारली. फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर, बिर्याणीच्या मोठ्या देगाखाली निघाली. १९८६ ची एक पावती ओल लागून चिकटली होती. दुपारभर आम्ही दोघं फोनवर एकेक कागद स्कॅन करत बसलो. तो मेसेज त्याने ग्रुपवरून काढला नाही. तोवर काढायची मुदत संपली होती.